नवव्या मजल्यावरून खाली

आमच्या इमारतीला बारा मजले आहेत. आज बेंगळुरूत बारा मजल्यांचं कुणाला काही नाही. पण बाबांनी इथे फ्लॅट घेतला तेव्हा जे. पी. नगरच्या या भागात सगळी बैठी घरं, नारळाची झाडं आणि गवत माजलेले मोकळे प्लॉट होते. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नसे. उंच बिल्डिंग म्हटलं की तो 'सरी', म्हणजे बरं, म्हणून निघायचा. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनियर, साताऱ्याहून नोकरीसाठी आले ते इथलेच झाले. नववा मजला त्यांनी हट्टाने मागून घेतला. आई बेळगावची, अंगणात आणि परसात वाढलेली. तिला काय हवंय हे कुणी विचारलंच नव्हतं.

बाबांना उंच इमारतींचं वेड होतं. साधीसुधी आवड नव्हे, वेडच. कारखान्याने एकदा अमेरिकेला पाठवलं, तर लोक चॉकलेटं आणतात, सेंट आणतात; हे शिकागोच्या जुन्या इमारतींचे फोटो घेऊन आले. घरी पाहुणा आला की आधी पाणी, मग गॅलरीतून शहर, मग व्याख्यान. पूर्वी वरचा मजला गरिबांच्या वाट्याला यायचा, कारण एवढे जिने रोज चढणार कोण? लिफ्ट आली आणि श्रीमंत वर राहायला गेले. इमारत उभी राहते लोखंडी सांगाड्यावर, पण माणूस वर राहतो तो लिफ्टच्या जिवावर. न्यूयॉर्क घ्या, शांघाय घ्या, सगळीकडे हेच. पाहुणे पोहे खाता खाता हो का, हो का करत. मी आतल्या खोलीत बसून पुढचं वाक्य त्यांच्या आधी पुटपुटायचे.

आमची लिफ्ट मात्र शिकागोची नव्हती. सरकत्या जाळीच्या दाराची, चार माणसं उभी राहिली की पाचव्याने पोट आत घ्यायचं अशी. जाळीतून सगळं दिसायचं. कोण कुणाकडे निघालंय, कुणाच्या पिशवीत काय आहे, हे आईला आमच्या दारात उभ्या उभ्या कळायचं. नवव्या मजल्याची तेवढीच एक गंमत तिला मान्य होती.

मी नोकरीला लागले त्या सुमाराला दहाव्या मजल्यावरचे अण्णा गेले. रोज सकाळी फिरायला जाणारे, आईशी कानडीत बोलणारे सज्जन गृहस्थ. लिफ्टमध्ये त्यांना आडवं न्यायला जागा नव्हती. मग त्यांच्या माणसांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, धोतराने पाठीशी बांधलं आणि खुर्ची लिफ्टमध्ये घातली. आई तेव्हाच वर अण्णांच्या बायकोकडे, अक्कांकडे बसायला म्हणून निघाली होती. ती लिफ्टची वाट बघत आमच्या मजल्यावर उभी, आणि तिच्यासमोरून अण्णा खुर्चीत बसून खाली गेले. मान खांद्यावर कलंडलेली. बरोबरचे दोघे जण त्यांच्याकडे पाठ करून दाराकडे बघत उभे.

आईने त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. संध्याकाळी बाबा कामावरून आले, त्यांच्या हातात चहा दिला आणि सरळ विषयालाच आली.

"मला असं न्यायचं नाही. मी झोपून जाणार. ते जमत नसलं तर जिवंत आहे तोवर जमिनीवरचं घर बघा."

बाबा म्हणाले, हे काय भलतंच काढलंस. आई हटली नाही. "तुमच्या त्या शिकागोत माणसं मरत नव्हती काय? त्यांना कसं उतरवलं, सांगा की."

उंच इमारतींबद्दलच्या प्रश्नाला बाबांकडे उत्तर नाही, हे मी प्रथमच पाहत होते, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. त्या आठवड्यात त्यांनी आपली सगळी पुस्तकं धुंडाळली. वाऱ्यावर प्रकरण होतं, आगीवर होतं, पायावर तर दोन होती. वर मेलेला माणूस खाली कसा येतो यावर एक ओळ नव्हती. पुस्तकं लिहिणाऱ्यांचा हा निष्काळजीपणा आहे, असं ते चिडून म्हणाले.

मग एका रविवारी त्यांनी जे केलं ते केवळ तेच करू जाणोत. दोन बांबू आणले, त्यांवर आडव्या काठ्या बांधल्या, आईच्या उंचीएवढी गादी चादरीसकट गुंडाळून वर ठेवली आणि जुन्या साडीने आवळली. पुढे वॉचमन, मागे स्वतः. जिन्याने आडवं नेता येतं हे त्यांना सिद्ध करून दाखवायचं होतं. बायकोला भीती वाटते आहे, तिच्याशेजारी जरा बसावं, हे काही सुचलं नाही. जिन्याचं वळण मोजायचं सुचलं. त्या वळणावर गादी पहिल्याच फटक्यात अडली. तिरकं करून पाहिलं, कठड्यावरून उचलून पाहिलं. शेवटी गादी उभी केली तेव्हाच ती वळली.

तेवढ्यात आठव्या मजल्यावरच्या बाईंनी खालून तो प्रकार पाहिला. त्या रडत रडत दुसऱ्या बाजूच्या जिन्याने आमच्या दाराशी आल्या, आणि दार आईने उघडलं. बाईंची बोबडीच वळली. आईने त्यांना आत बसवून कॉफी दिली आणि मग जिन्यात जाऊन भिंतीला टेकून उभी असलेली ती गादी बघत राहिली. आई आता हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. कालच धुतलेली चादर होती, एवढंच बोलून घरात गेली.

दोन्ही जिन्यांची वळणं सारखीच होती, म्हणजे जिना बाद झाला. राहिलं खालचं घर. बाबा नाही म्हणाले नाहीत. ते बघू म्हणाले, आणि पुढची कितीतरी वर्षं बघतच राहिले. बसवनगुडीतलं एक घर ओल धरतं, दुसऱ्यात डास, तिसऱ्यात उजेड नाही. एका घराचं अंगण आईला फार आवडलं होतं, पारिजातक होता तिथे. बाबांना गेटसमोरची गटार दिसली. आई काय ते ओळखून होती. भांडण कशावरूनही सुरू झालं, अगदी आमटीत मीठ कमी म्हणून, तरी ते फिरून मला कसं नेणार यावरच यायचं. मला दोघांचाही वैताग यायचा. एकाला खाली उतरायचं नव्हतं आणि दुसरीचा सगळा जीव उतरण्यातच अडकला होता.

दरम्यान आजूबाजूला तीस-तीस मजले उभे राहिले आणि आमची उंच बिल्डिंग खुजी दिसू लागली. लिफ्ट बदलली. जाळी गेली, स्टीलचं बंद दार आलं, पण भिंतीतली जागा तीच, त्यामुळे लिफ्टही तेवढीच राहिली. निदान कुणी बघणार तरी नाही, असं आई म्हणाली.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. सकाळचा नाश्ता झाला, गॅलरीत पेपर घेऊन बसले आणि बसल्या जागीच संपले. मी कोरमंगलाच्या ऑफिसातून पोचले तेव्हा एक लांबचे काका आणि अॅम्ब्युलन्सची दोन माणसं हजर होती. जिना बघून ती माणसं मानेनेच नाही म्हणाली. मग काय करायचं हे त्यांनी आईला नाही, मला विचारलं. आई आत गेली आणि जेवणाच्या टेबलाची हाताची खुर्ची स्वतः ओढत घेऊन आली.

लिफ्टमध्ये खुर्ची आणि आणखी दोघेच मावत होते. काका पुढे झाले, वहिनी तुम्ही राहू द्या म्हणाले. आई त्यांना बाजूला सारून आत शिरली. दार बंद झालं. मी जिन्याने धावत सुटले. चप्पल कुठे गेली कळलं नाही. मी खाली पोचले तेव्हा दार उघडतच होतं. आईने दोन्ही हातांनी बाबांचं डोकं पोटाशी घट्ट धरलं होतं. मान सरळ होती. अॅम्ब्युलन्सचा माणूस भिंतीला चिकटून उभा होता. त्याने हात पुढे केला तरी आईने सोडलं नाही. स्वल्प थांब, एवढंच त्याला म्हणाली. गाडीत बाबांना झोपवलं तेव्हाच तिने हात काढले.

आता ती तिथे एकटी राहते. मी शहराच्या टोकाला बाविसाव्या मजल्यावर. आमच्याकडे सामानासाठी वेगळी लिफ्ट आहे; पलंग आडवा जातो, स्ट्रेचर तर सहज. मागच्या महिन्यात मी तिला म्हटलं, आई, आता माझ्याकडेच ये कायमची. लिफ्टचंही सांगितलं. तिच्या मनातलं तिच्याच तोंडून इतकी वर्षं ऐकलं होतं, तर लपवायचं कशाला? तुला हवं तसं होईल म्हटलं, झोपून जाशील.

ती शेंगा सोलत होती. सोलतच राहिली.

"नको. तिथं झोपवून मला एकटीलाच पाठवशील. इथं जागा नाही, कुणाला तरी धरावंच लागतंय. तू धरशील नव्हं?"

मी हो म्हटलं. तिला नीट ऐकू जावं म्हणून परत एकदा म्हटलं.