राघूचा कंठ

ॲनिमेशनचा पिक्चर काढायचा तर भारीतला कॉम्प्युटर लागतो, असं मला ज्यानं त्यानं ऐकवलं. मी म्हटलं, ठेवा तुमच्याकडं. माझ्याकडं गेरू आहे, रांगोळी आहे आणि काचेला चीर गेलेला एक जुना मोबाईल आहे. बारामतीच्या एका फोटो स्टुडिओत मी लग्नाचे अल्बम करते. नवरीच्या तोंडावरचा घाम पुसून तिला काश्मीरच्या बागेत उभी करणं हे माझं रोजचं काम. एक राघू चालवायला मी कुणाला भिणार होते?

रीत सोपी होती. जमिनीवर राघू काढायचा, वरून फोटो घ्यायचा, त्याचा पाय पुसून जरा पुढं काढायचा, परत फोटो. असे डझनभर फोटो भर्रकन पळवले की एक सेकंद होतो आणि राघू एक पाऊल टाकतो. गोष्टही साधीच. दारातल्या रांगोळीतला राघू सकाळी उठतो, उसातून वाट काढत भवानीनगरला जातो, साखर कारखान्याची चिमणी बघतो आणि दिवेलागणीला उंबऱ्यावर परत येतो. माझे सासरे जळोचीच्या आमच्या घरातून त्याच कारखान्यावर जन्मभर ड्युटीला गेले. राघू मला तिथूनच सुचला.

घरामागची पत्र्याची खोली हा माझा स्टुडिओ. मोबाईल वरच्या लोखंडी अँगलला जुन्या साडीच्या काठानं आवळून बांधला. त्याला हेडफोन जोडला, कारण हेडफोनचं बटण दाबलं की मोबाईल न हलवता फोटो निघतो. पंखा बंद, नाहीतर रांगोळी उडते. भर उन्हाळ्यात पत्र्याखाली बिनपंख्याचं बसून दाखवा, मग माझं बजेट विचारा.

अडलं ते रांगोळीपाशीच. चित्रकलेत मी शाळेत पहिली, पण चिमटीतून रेघ सोडणं ही विद्याच निराळी. माझी रांगोळी भाजीवर मीठ भुरभुरावं तशी पडायची. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"ह्यो राघू हाय का कोंबडा?"

"आत्या, गेरू नीट बसला न्हाय, म्हणून तसं दिसतंय."

"व्हय व्हय. नाचता येईना, अंगण वाकडं."

खरं तर घरात रांगोळीचा हात होता तो त्यांचाच. लग्न असो, बारसं असो, गल्लीतून पहिली हाक त्यांना यायची. सासरे गेले आणि त्यांनी रांगोळीचा डबा माळ्यावर टाकला. कुणी मनाई केली नव्हती. त्यांचा हिशोब सरळ होता. रांगोळी हळदीकुंकवाशिवाय उघडी ठेवायची नाही. कुंकवाला आपण आता हात लावायचा नाही. म्हणजे रांगोळी संपली. मी तावातावानं भांडले, नवऱ्यानं गोडीत सांगून बघितलं, त्या एवढंच म्हणायच्या, "मला न्हाय पटत." सकाळी कामाला निघताना ते मोकळं दार बघून माझा जीव तुटायचा. पिक्चर मला काढायचाच होता, पण त्याहून जास्त मला तो हात परत दारात हवा होता.

म्हणून त्यांनी कोंबडा म्हटल्यावर मी चिडले नाही. मी मुद्दाम राघूची चोच आणखी वाकडी काढली. त्यांना ते बघवेना.

"सर तिकडं," म्हणाल्या आणि पदर खोचून बसल्या. एका दमात चोच, पाठ, शेपूट. बाई गं, काय रेघ होती! मी हेडफोनच्या बटणावर अंगठा ठेवला, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"आधी हळदकुंकू लाव. तू लाव."

"आत्या, फोटोत डाग दिसतील."

"दिसू दे. बिनकुंकवाची ठेवायची न्हाय."

मी चिमूट सोडली. त्यांनी बोट दाखवलं तिथंच, राघूच्या गळ्यावर, कुंकवाचा ठिपका आणि शेजारी हळद. फोटो घेतला. त्यांनी पाय पुसून पुढं काढला आणि परत माझ्याकडं बघितलं.

"आता कशाला? लावलं की एकदा!"

"पुसली म्हंजी मोडली. मोडून काढली म्हंजी नवी. नवीला नवं लावायचं."

मी कपाळावर हात मारला. म्हणजे पिक्चर संपेस्तोवर दर फोटोला जुना ठिपका झटकायचा आणि नवा लावायचा! तो काही दर वेळी त्याच जागी पडत नव्हता. माझं डोकं फिरलं, मी आदळआपट केली, त्या ढिम्म. मग एकदा त्या चहा ठेवायला उठल्या, तेव्हा मी ठिपक्याशिवाय बरेच फोटो उरकले. रात्री सगळं पळवून दाखवलं. राघू चालला, चालला, आणि मधेच सासूबाई म्हणाल्या, "हितं मेल्यागत दिसतोय."

मी परत बघितलं. खरंच की! इकडं तिकडं हलणाऱ्या ठिपक्यामुळं राघूचा गळा धडधडत होता. खऱ्या राघूला लाल कंठ असतो, तो याला आपोआप आला होता. ठिपका नव्हता तिथं नुसती पांढरी रेघ सरकत होती. ते सगळे फोटो मी परत घेतले, आणि त्या दिवसापासून ठिपक्यावरून मी वाद घातला नाही.

राघू कारखान्यापर्यंत पोचला. चिमणीचा धूर त्यांनी असा काढला की मीच बघत राहिले. आता परतीचा प्रवास तेवढा राहिला होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याला त्या खोलीत कांदा भरायचा होता. त्यात आदल्या दिवशी सकाळीच स्टुडिओच्या मालकांचा फोन: कुठल्याशा नवरदेवाच्या मामाचा फोटो अल्बममधून राहिलाय, पाव्हणे दारात बसलेत, लगेच या.

"जाऊ दे," मी पर्स उचलत म्हटलं. "शेवट कापते. राघू कारखान्यावरच राहिला असं दाखवू."

सासूबाई एकदम माझ्याकडं वळल्या. "घरी याय पायजे त्यो."

"आत्या, मला वेळ न्हाय!"

"तू जा. बटन दाबाय येतंय मला."

"आणि कुंकू?"

"शेजारणीला हाक मारीन."

संध्याकाळी आले तर त्या भाकरी थापत होत्या. मी चपला फेकून खोलीत गेले, अँगलवरचा मोबाईल सोडला आणि फोटो पळवले. राघू उसातून बाहेर आला. गळा कोरा. मला वाईट वाटलं. पुढं पळवलं आणि एका फोटोत गळ्यावर लाल उमटलं. मग पुढच्यात, मग त्याच्या पुढच्यात. अगदी उंबऱ्यापर्यंत. माझी चिमूट भुरभुरायची. हे कुंकू बोटानं दाबून टेकवलेलं होतं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. "आत्या, शेजारच्या काकू कधी आल्या?"

"ती कुठली येतीया? ती लोणी भापकरला गेली लेकीकडं."

"मग?"

त्यांनी भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"कंठाबिगर राघू दारात कसा आणायचा गं?"

मी रडायलाच लागले. लपवायचं कशाला? त्यांनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "डोळं पूस आधी. सुरवातीचं ईस-पंचवीस फोटू तसंच राह्यलेत. मन होत नव्हतं. ते परत घ्याय लागत्याल. कांदा थांबू दे म्हण त्याला."

ते फोटो मी परत घेतले नाहीत. पिक्चर पहिल्यांदा दाखवला तो आमच्याच भिंतीवर, पांढरी चादर लावून, सगळ्या गल्लीला. राघू उसातून कोऱ्या गळ्यानं बाहेर आला, आणि चालता चालता त्याला कंठ फुटला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी सासूबाईंकडं बघितलं.

त्या शेजारणीला कोपरानं ढोसून सांगत होत्या, "ते सुरवातीचं चुकलंय. मी हिला म्हनलं व्हतं, परत घेऊ."