मातीच्या बैलाचं माहेर

आमच्या जिल्ह्यात जमिनीतून निघालेल्या यच्चयावत दगडांचं, खापरांचं आणि फुटक्या मण्यांचं माहेर कुठलं, हे तोंडपाठ असलेला माणूस परमेश्वराने एकच घडवला आणि तो नेमका माझ्या हाताखाली शिपाई म्हणून पाठवला. मी तेव्हा जिल्ह्याच्या गावातल्या एका लहानशा पुराणवस्तू संग्रहालयात नोंदणीच्या कामावर नुकताच रुजू झालो होतो. 'हाताखाली' हे सरकारी भाषेत. मामा माझ्या वडिलांच्या वयाचे होते आणि मला 'साहेब' म्हणायचे ते पहिल्यांदा शाळेत निघालेल्या पोराला म्हणावं तसं, कौतुकाने. मामा हे काही त्यांचं नाव नव्हे. पण अख्खं ऑफिस, समोरचा चहावाला आणि तपासणीला येणारे मोठे साहेबसुद्धा त्यांना मामाच म्हणत, तेव्हा मीही तेवढ्यावरच थांबतो.

लोकांना दाखवायच्या चार मूर्ती आणि दोन वीरगळ पुढच्या दालनात होते. बाकीचं सगळं मागच्या लांबट खोलीत, खोक्यांत आणि ट्रेमध्ये. ते भांडार. तिथे मामा चपला बाहेर काढून जात. एकदा मी चहाचा कप घेऊन आत गेलो, तर त्यांनी तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला. म्हणाले, "साहेब, हितं एवढी मंडळी बसलीत. एकट्यानंच प्यायचा काय?" रजेवर निघाले की दारात उभे राहून खोलीला सांगून जात, परत यायचा वारसुद्धा सांगत. आकड्यांशी मात्र त्यांचं वाकडं होतं. 'एकशे बारा नंबरची वस्तू आणा' म्हटलं की ते ढिम्म उभे राहत. 'वडवणीच्या भाजीवालीचा वरवंटा' म्हटलं की क्षणात हजर. हा वरवंटा त्यांना आठवडी बाजारात दिसला होता, कोथिंबिरीच्या पोत्याचं टोक उडू नये म्हणून ठेवलेला. भाजीवाली सोडेना, तेव्हा मामांनी घरचा वरवंटा नेऊन तिला दिला आणि हा घेऊन आले. पुढे दोन महिने मामींनी चटणी तांब्याच्या बुडाने वाटली. "मामी काही बोलल्या नाहीत?" मी विचारलं. "बोलली ना! लई बोलली. पन त्यात वरवंट्याचं काहीच नव्हतं, समदं माज्याबद्दलच होतं."

माहेर हा त्यांचाच शब्द. वस्तू जिथे सापडली ते तिचं माहेर, आणि आमचं संग्रहालय हे सासर. मला शिकवलेल्या पुस्तकांत हीच गोष्ट चार पानं खर्चून सांगितली होती, की जागा कळली नाही तर खापर म्हणजे नुसता भाजलेल्या मातीचा तुकडा. मामा ती लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर सांगत. प्रत्येक वस्तूला पांढऱ्या दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असे, कधी पत्रिकेची, कधी जुन्या कॅलेंडरची. अक्षर असं की मुंग्यांची मिरवणूक वाटेत भांडून पांगावी. एक मला अजून आठवते: 'उमापूर. ओढ्याच्या वरल्या अंगाला. नांगराला लागलं. बैल अडला म्हणून बघितलं. बैलाचं नाव राजा.' बैलाचं नाव कशाला, असं मी हसून विचारलं, तर मामा गंभीरपणे म्हणाले, "सापडवलं तर त्यानंच की."

या चिठ्ठ्यांत शिरूर कासारकडच्या एका बाईचं नाव होतं. धाब्याच्या घरावर टाकायला गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या मोडलेल्या वस्तीच्या, टेकाडावरून माती आणायची रीत आहे. ती माती खणताना तिला अंगठ्याएवढा मातीचा बैल सापडला. तिने तो पदरात बांधून एसटीने आणून मामांच्या हातावर ठेवला आणि मामांनी शब्द दिला, की ह्या बैलाबरोबर तुझं नाव कायम राहील. दसरा झाला की ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायची, आणि टोळी निघायच्या आधी एकदा येऊन बैल बघून जायची. मामा चिठ्ठी वाचून दाखवत. ती डोळे मिटून ऐके. तिच्या नावाचा दुसरा कागद कुठे कुणी जपून ठेवला असेल, असं मला वाटत नाही.

आणि मग मी माझी हुशारी दाखवली. मोठ्या साहेबांची तपासणी ठरली होती. मामा पुतणीच्या लग्नाला उमापूरला गेले होते. मला त्या दोऱ्यांची, त्या लग्नपत्रिकांच्या चिठोऱ्यांची लाज वाटली. होय, लाजच. मी दोन माणसं लावून सगळ्या चिठ्ठ्या काढल्या, वस्तू बादलीत बुडवून स्वच्छ घासून घेतल्या आणि त्यांवर छापील नंबर चिकटवले. कॉम्प्युटरमधल्या यादीत ठिकाणाच्या रकान्यात 'बीड जिल्हा' असं एकदाच लिहून खालपर्यंत ओढलं. चिठ्ठ्यांचं पोतं चहावाल्याच्या चुलीत गेलं. त्या पोत्यावर उकळलेला चहाही मी प्यालो.

मामा परत आले, चपला काढून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी गेलो तेव्हा ते रिकामा दोरा बोटाला गुंडाळत उभे होते. "साहेब, ह्यांची माहेरं कुठं ठिवलीत?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी नवं कॅलेंडर उतरवलं, उरलेल्या महिन्यांसकट फाडलं आणि कामाला बसले. पुढचे कित्येक दिवस ते एकेक खापर हातात घेत, उलटंपालटं करत, वास घेत आणि लिहीत. बहुतेकांची माहेरं त्यांना आठवली. भाजीवालीच्या वरवंट्याला तर त्यांनी बघताक्षणी हाक मारली. अडलं ते बैलांपाशी. आमच्याकडे तसे तीन बैल होते, आणि बाईच्या बैलाची खूण म्हणजे त्याच्या पोटाला चिकटलेली पांढरीची माती. ती मी धुऊन टाकली होती.

दसऱ्यानंतर बाई आली. मी दारातच होतो. मामांनी तिन्ही बैल ट्रेमध्ये तिच्यापुढे मांडले. तिने आधी दोरा शोधला.

"मामा, चिठ्ठी कावून न्हाई?"

"माज्याच हातनं गेली, बाई," मामा म्हणाले. "तुजा कोन्ता, तूच वळख आता."

बाई त्यांना चांगलीच बोलली. "शब्द दिलता तुमी! म्हातारे झालात म्हनून मान्साचं नाव हरवावं का?" मामा मान खाली घालून ऐकत होते. ती माझ्यापासून चार हातांवर होती. 'मी फेकली' हे दोन शब्द. माझ्या तोंडून ते निघाले नाहीत. मी मोठ्या कामात असल्यासारखा हातातली फाइल चाळत राहिलो.

मग तिने ट्रेवर नजर फिरवली आणि मधला बैल उचलला. "ह्यो. शिंगाची टवकी माज्या कुदळीनं उडाली, आटवतंय ना?" मामांचा चेहरा असा खुलला की जणू ती बोलली ते सगळं कुणा दुसऱ्यालाच होतं. त्यांनी घाईने कॅलेंडरचा तुकडा माझ्यापुढे धरला. "साहेब, तुमचं अक्षर झ्याक हाय. तुमीच लिव्हा." मी बाईचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, पांढरीचं टेकाड लिहिलं. माझं ते झ्याक अक्षर थेट मामांसारखं आलं.

मामा आता निवृत्त होऊन उमापूरला असतात. भांडारात मी चपला काढून जातो आणि चिठ्ठ्या बांधतो. नवीन आलेली माणसं मागे हसतात. बाई अजून येते. चिठ्ठी ऐकून झाली की विचारते, "मामा बरे हायत ना? लई गुनाचा मानूस, पन माजी पयली चिठ्ठी हरवली बगा त्यांनी." मी मान हलवतो. बैलाच्या चिठ्ठीच्या मागे, पोटाकडच्या बाजूला, मी एकदा दार लावून लिहून ठेवलं आहे: 'आधीची चिठ्ठी मामांनी हरवली नाही. मी फेकली.' खाली माझं नाव आहे. यंदा टोळी निघण्याआधी ती आली की चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचून दाखवायची, असं मी ठरवलं आहे. मागच्या वर्षीही ठरवलं होतं.