दहावी रोटी

बुखाऱ्याच्या यहुदी मोहल्ल्यात ओयनिसा आपाचा तंदूर चाळीस वर्षं प्रार्थनाघरासमोर पेटत होता. बाई पक्की नमाजी, पण यहुद्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष जमले की नाही याची काळजी त्यांच्यापेक्षा हिलाच जास्त! अर्धा मोहल्ला परदेशी गेल्यापासून तर फारच.

त्या दिवशी अवनेर चांभाराच्या बापाला जाऊन वर्ष झालं होतं. दुसऱ्या दिवशी अवनेर बायकोपोरांसह कायमचा देश सोडणार होता. बापासाठीची प्रार्थना दहा जणांशिवाय म्हणता येत नाही, आणि सूर्य मावळला की तिथी बदलते.

प्रार्थनाघराच्या दारात जमलेल्या पुरुषांवरून आपाने बोट फिरवलं. "एक, दोन..."

"आपा, माणसं मोजू नका हो, आमच्यात अशुभ मानतात! किती वर्षं सांगायचं?" अवनेर ओरडला.

"चुकलं बाबा!" म्हणत तिने टोपलीतल्या दहा रोट्यांमधली एकेक प्रत्येकाच्या हातात ठेवली. एक उरली. अवनेरच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"रडतोस काय? पिनहास शिंपी आहे ना अजून!"

"ते? बाबांशी भांडून बारा वर्षं इथे पाऊल टाकलं नाही त्यांनी."

आपा टोपली घेऊन निघालीसुद्धा. पिनहासने दारातच हात झटकले. "त्याच्यासाठी? मेलो तरी येणार नाही!"

"प्रार्थनाघरातल्या शेगडीजवळच्या जागेवरून भांडलात ना? रिकामी आहे आता ती, बसा खुशाल! माझी तिसऱ्या प्रहराची नमाज राहिलीय. हातपाय धुवायला पाणी द्या. माझं होईपर्यंत टोपी घालून तयार राहा."

म्हातारा पुटपुटत राहिला, पण पाणी त्यानेच ओतलं. तिने अंगणात चटई अंथरली. नमाज पढणाऱ्या बाईशी भांडता थोडंच येतं! शेवटचा सलाम फेरून तिने नमाज संपवली तेव्हा पिनहास टोपी घालून उभा होता.

अवनेरने प्रार्थना म्हटली. आत बाकीचे नऊ जण 'आमेन' म्हणाले, की प्रत्येक वेळी दारात उभी आपा 'आमीन' म्हणायची, एकदाही न चुकता.

बाहेर आल्यावर पिनहास रेंगाळला. शेगडीजवळची जागा त्याने रिकामीच ठेवली होती.

"ओयनिसा, उद्या अवनेर गेला की आम्ही नऊ. मी गेलो की आठ. माझ्यासाठी कोण म्हणणार गं?"

 आपाने टोपलीत उरलेली दहावी रोटी त्याच्या हातात ठेवली.

"मी तुमच्या दहात बसत नाही, दादा. पण माझ्या नमाजेला दहा जण लागत नाहीत. रोज तुमचं नाव घेईन."

पिनहासने रोटी मोडली आणि अर्धी तिला दिली.