नाव न घेता

नाव न घेता सांगितलं की सांगितलेलं कोणाला लागत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. ज्यांनी शिकवलं ते मोठ्या शहरातले लोक होते. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमागची, आम्ही कामाला जायचो ती वस्ती त्यांनी पाहिली नव्हती. तिथे कोणाच्या चुलीवर आज काय शिजतंय हे वासावरून चार घरांना कळायचं. तिथे नाव न घेण्याला काय किंमत?

आणीबाणी उठून एखाद-दुसरं वर्ष झालं होतं. मी समाजकार्याचं शिक्षण संपवून नुकतीच एका संस्थेत लागले होते. घरात लहानपणापासून चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे पाहिलेले, त्यामुळे आपण जग बदलायला निघालोय याबद्दल मला शंका नव्हती. माझ्या वरिष्ठ बाईंना मात्र कामाची पद्धत पक्की ठाऊक होती: आधी विश्वास संपादन करायचा, मग गरजा शोधायच्या. सरकार धरणासाठी जमीन संपादन करतं, तसं त्या बोलायच्या. वस्तीतल्या बाया त्यांना मोठी बाई म्हणत, मला लहान बाई.

तिथे एक बाई होती. नवरा जामच्या नाक्यावरून ट्रकवर क्लीनर म्हणून हैदराबादकडे गेला, तो परतलाच नव्हता. ती हंगामात जिनिंगमध्ये कापूस उचलायला जायची. पदरात तान्ही मुलगी. आम्ही गेलो की बसायला पोतं टाकायची, रेशनचं बोलायची, पुढे काही नाही. दिवाळीनंतर एका सुटीच्या दुपारी ती अंबाडीची भाजी निवडत होती. आम्ही दोघीही निवडू लागलो. मान वर न करता ती सांगायला लागली.

"करू त काय करू बाई? लेकरू रडलं का मुकादम म्हनते, घरी बस. मंग नखावर एवढुशी अफू देतो. संध्याकाळलोक झोपून राह्यते. कधी कधी उठतच नाई लवकर. नाकाजवळ हात धरून पाह्यतो, श्वास हाय का नाई." मग निवडलेली पानं बाजूला सारत म्हणाली, "तितं कोनी लेकरं पाहून राह्यलं अस्तं, त मले कायले लागली अस्ती अफू?"

याहून स्पष्ट गरज कोणी कशी सांगायची? परतताना मी म्हणाले, हिला आणि तिच्यासारख्या दहा-पंधरा जणींना पाळणाघर हवंय. वरिष्ठ बाई म्हणाल्या की लोक मागतात ती मागणी असते, गरज वेगळी असते, ती आपण ओळखायची. इथली गरज म्हणजे जागृती. शिवणवर्ग आणि माता-बाल आरोग्यावरची व्याख्यानं आधीच ठरली होती. मग आम्ही एवढे दिवस घरोघर फिरून विचारत काय होतो, असं मी विचारलं. त्यांनी छत्री उघडली आणि रिक्षा पाहायला लागल्या.

पुढच्याच आठवड्यात मारुतीच्या पारावर सभा झाली. वर्ध्याहून पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर वरिष्ठ बाई अज्ञानावर बोलल्या आणि उदाहरण द्यायचं म्हणून म्हणाल्या, मी नाव घेणार नाही, पण तुमच्यातच एक बहीण आहे, पती परागंदा, स्वतः जिनिंगमध्ये जाते, आणि पोटच्या मुलीला अफू चारते.

सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या. पुढे बसलेली एक म्हातारी आश्चर्याने म्हणाली, "काऊन वं, हे त तुईच गोठ सांगून राह्यली." कोणी हसलं. मुकादमाची बायको तिथेच बसली होती, ती हसली नाही. जिची गोष्ट होती ती बाई उठली, मुलीच्या तोंडावर पदर ओढला आणि चालू लागली. भाषण चालूच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने फाटकातच सांगितलं की एखादं लेकरू आत मेलं तर ते आपल्या अंगावर येईल, म्हणून यापुढे लेकरू घेऊन कोणीच आत यायचं नाही. एकटीचं नाही, सगळ्या लेकुरवाळ्यांचं काम गेलं. आणि अफू फक्त तीच देत होती असं थोडंच होतं! पण शिव्या खायला ती एकटी उरली. तिच्या दारावरून जाताना बाया थुंकायच्या.

मी वरिष्ठ बाईंकडे गेले. त्यांचं उत्तर तयार होतं: "पण मी नाव कुठे घेतलं?" त्यांना खरंच काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझं डोकं त्याच वाक्याने तापतं.

मग मी तिच्या दारात गेले. तिने पोतं टाकलं नाही. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बोलाले येऊ नका आता. लेकरू धराचं असन, त या."

दुसऱ्या दिवशी मी जिनिंगच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली सतरंजी टाकून बसले. ती आली, मुलगी माझ्या हातात दिली आणि आत गेली. दुपारपर्यंत आणखी दोघीतिघींनी आपापली मुलं आणून ठेवली. संस्थेचा निरोप आला की हे काम ठरलेल्या कार्यक्रमात नाही, शिवणवर्गाला हजर राहावं. मी गेले नाही. अफू सुटलेली ती पोर दिवसचे दिवस ताठ होऊन रडत होती, आणि आतल्या यंत्रांच्या आवाजात तिच्या आईला ते ऐकू जात नव्हतं. जेवणाच्या सुटीत ती धावत बाहेर यायची, कापसाने पांढरे झालेले केस झटकायची, पोरीला पाजायची, आणि माझ्याकडे न बघता पुन्हा माझ्या हातात द्यायची. मग हंगाम संपेपर्यंत तिचं काम पुन्हा सुटलं नाही.

होळीच्या सुमारास वरिष्ठ बाई कडुनिंबाखाली आल्या. पाहुण्यांना हे दाखवता येईल का, याचा अंदाज घेत होत्या. ती बाई आता मोकळेपणाने बोलते का, असं त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, नाही. माझ्याशीही नाही, आणि तिचं बरोबर आहे. तुम्ही पाहुण्यांना इथे आणू नका.