जबल शम्सवरची दहा मिनिटं

आधीच सांगून टाकते, मी लिंबू-मिरचीवाली बाई नाही. एम.एस्सी. केमिस्ट्री केलंय आणि मस्कतमधल्या माबेलाच्या आमच्या फ्लॅटवर सात वर्षं आठवी-नववीच्या मुलांच्या सायन्सच्या ट्यूशन घेतल्यात. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात... मनात म्हणायचे, जरा झोप घ्या पुरेशी. आता माझं वाचून तुम्ही हसलात तरी चालेल. फक्त शेवटपर्यंत वाचा.

सतीश, माझा नवरा, मस्कतला एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत साइट सुपरवायझर होता. मूळचा कुडाळचा. मी साताऱ्याची. आमची मुलगी सई तेव्हा आठ वर्षांची होती, इंडियन स्कूलमध्ये तिसरीत. तिथल्या सगळ्या मुलांसारखंच तिचं मराठी – "मम्मा, मी ते खाणार नाही आहे, इट्स स्पायसी." म्हणून मी घरात एक नियम केला होता. सतीशने तिच्यासमोर मालवणी बोलायचं नाही. आधीच तिला धड एक मराठी येत नाही, त्यात 'कुठे'ऐवजी तुझं 'खंय' आणि 'का'ऐवजी 'कित्याक' कशाला, असं मी म्हणायचे. बिचारा हसून मान डोलवायचा. आईशी फोनवर बोलायचं असलं की बाल्कनीत जाऊन दार ओढून घ्यायचा. नवऱ्याला त्याची भाषा बोलायला घराबाहेर काढणारी बायको... आता लिहितानाही लाज वाटते.

डिसेंबरमध्ये तो गेला. हार्ट अटॅक. इब्री गावाच्या बाजूच्या साइटवर, दुपारी बारा वाजता, आपल्याच पिकअपमध्ये बसल्या बसल्या. बेचाळीस वर्षांचा होता.

आणि आता जे मी कुणालाही सांगितलेलं नाही, सासूबाईंनाही नाही, ते सांगते. आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. त्याला थंडीत दोन महिने आईला आणायचं होतं. मी म्हटलं एवढ्याशा फ्लॅटमध्ये कुठे. तो पहाटे मला न उठवताच साइटवर गेला. सव्वाअकराला त्याचा फोन आला. मी भाजी चिरत होते. स्क्रीनवर त्याचं नाव बघितलं आणि मोबाइल उलटा करून ओट्यावर ठेवला. म्हटलं, कळू दे जरा. एकदाच वाजला. त्यानंतर त्याने कुणालाही फोन केला नाही.

तो फोन कशासाठी होता? छातीत दुखतंय म्हणून? की समजूत काढायला? की नुसतं जेवायला काय केलंस विचारायला, जे तो रोजच विचारायचा? मी उचलला असता तर साइटवर कुणाला तरी पळवलं असतं का? त्या दिवसापासून मी जागी असले की हा एकच प्रश्न माझ्याबरोबर जागा असतो.

सई रडली नाही. कुडाळला अंत्यसंस्काराच्या वेळी नाही, नंतरही नाही. बाबाचा विषय निघाला की उठून दुसऱ्या खोलीत जायची.

तिकडे नवऱ्याच्या नोकरीवर बायकोचा व्हिसा. तो गेला की आपलंही खलास. फेब्रुवारीत आम्ही दोघी घर आवरायला आणि सईचा शाळेचा दाखला घ्यायला परत मस्कतला गेलो. रविवारची परतीची तिकिटं होती. त्याच आठवड्यात ओमानी बातम्यांत आणि सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आले – ओमानच्या सगळ्यात उंच डोंगरावर, जबल शम्सवर बर्फ पडला! वाळवंटात बर्फ म्हटल्यावर अर्धं मस्कत तिकडे निघालं. सतीश दर थंडीत सईला म्हणायचा, यंदा पडला की नेतो. एकदाही योग आला नाही.

याकूबभाई सतीशचा कंपनीतला दोस्त, श्रीवर्धनचा. त्याचा शुक्रवारी सकाळी फोन आला. "वहिनी, पोरीला तयार करा. सतीशने कबूल केलं होतं ना तिला? मी नेतो."

आणि आला तो सतीशचीच पिकअप घेऊन. कंपनीने ती आता त्याला दिली होती. मी दाराशीच थांबले. सई मात्र सरळ पुढच्या लांब सीटवर मध्ये जाऊन बसली.

निझवा, अल हमरा, घूल ही गावं गेली, मग डोंगराचा चढाचा रस्ता. वर ही गर्दी! गाड्या, हुक्के, पोरं बर्फाचे गोळे मारतायत. बर्फ म्हणजे तरी काय, तुडवून तुडवून चहाच्या रंगाचा झालेला. सई खिडकीतून बघत बसली, उतरलीच नाही. याकूबभाईला वाईट वाटलं. "यल्ला, चल, तुला एकदम कोरा बर्फ दाखवतो," म्हणाला आणि रस्ता सोडून एका कच्च्या वाटेने पिकअप आत घातली.

एक-दीड किलोमीटर आत खरंच पांढरंशुभ्र होतं. दगडांवर, झुडपांवर, कुणाचं पाऊल नाही. सई पहिल्यांदा पुढे वाकली. आणि तिथेच घोटाळा झाला. याकूबभाईचं सगळं ड्रायव्हिंग वाळूवरचं. वाळूचा एकच नियम – जो थांबला तो रुतला. चाक घसरलं की गॅस, म्हणजे अॅक्सिलरेटर, सोडायचा नाही, उलट दाबायचा. बर्फाखाली खळगा होता. पुढची चाकं त्यात उतरली, आणि सवयीने त्याने गॅस दाबला. चाकं जागच्या जागी गरगरली, बर्फाचा चिखल आणि चिखलाचा गिलावा झाला, आणि पिकअप नाक खाली करून उतारावर अडकली. वीसेक पावलांवर जमीन संपत होती. पुढे नुसती दरी.

त्याने वाळूचे सगळे उपाय केले. टायरची हवा कमी केली, पायाखालच्या मॅट चाकांखाली घातल्या. गाडी होती फोर-व्हील, पण चारही चाकं चालू करायचा तो छोटा लिव्हर जाम होता. "हा नुसता सतीशला जमायचा," म्हणत त्याने दोन-तीनदा हिसडे दिले आणि नाद सोडला. मोबाइलला रेंज नाही.

"वहिनी, मी रोडवरून कुणाला तरी दोर घेऊन आणतो. हँडब्रेक लावलाय. इंजिन चालू राहू दे, पोरीला हीटर लागेल. अर्धा तास, इन्शाल्ला." असं म्हणून तो निघाला.

दुपारचे अडीच वाजले असतील. स्वच्छ ऊन होतं आणि तेच नडलं. बर्फ वितळायला लागला. थोड्या वेळाने पिकअप हलली. वीतभर असेल. मग परत एकदा.

कुणीही शहाणं माणूस करेल तेच मी केलं. दार उघडलं आणि सईला म्हटलं, चल, उतर. तिने दोन्ही हातांनी डॅशबोर्डची मूठ धरली.

"नो."

"सई, गाडी घसरतेय. उतर!"

"धिस इज बाबाज कार. आय वोन्ट."

मी ओढते, ती सोडत नाही. दोन महिने न रडलेली मुलगी हाताची बोटं पांढरी होईपर्यंत धरून बसली होती. या ओढाओढीत पिकअप पुन्हा सरकली, चांगली हातभर. मी किंचाळले. मुलीला सोडून उतरणं शक्य नव्हतं. तिला ओलांडून मी स्टेअरिंगच्या सीटवर जाऊन बसले. का? माहीत नाही. सतीशने मला माबेलाच्या मोकळ्या मैदानात शुक्रवारी-शुक्रवारी गाडी शिकवली होती, लायसन्सच्या टेस्टमध्ये मी दोनदा नापास झाले होते. मी ढसाढसा रडत होते.

तेव्हा सई बोलली.

"घाबरतंस कित्याक गो? गाडी खंय जावची नाय."

आवाज तिचाच. तोच बारीक, जरा नाकातला. सिनेमात होतात तसे डोळे वगैरे काही फिरले नव्हते. ती समोर काचेतून बर्फाकडे बघत होती. पण 'गो'? माझी मुलगी मला मम्मा म्हणते. 'गो' मला जगात एकच माणूस म्हणायचा, तेही चुकून, आणि मग जीभ चावायचा.

मला वाटलं मला भास होतोय. पिकअप पुन्हा कुरकुरली. मी कुणाला विचारतेय याचा विचार न करता विचारलं, "काय करू? कुठला गिअर टाकू?"

"क्लच दाबून धर. तो बारको दांडो आसा मां, तो आधी फुडे ढकल. मगे तळहातान खाली दाब. खेचू नको."

मी ढकलला, तळहाताने दाबला. खट् करून बसला. याकूबभाईसारख्या धिप्पाड माणसाला हलला नव्हता तो.

"आता?"

"रिवर्सात घाल. स्टेअरिंग सरळ धर, आपल्याच चाकांच्या वाटेन मागे जावचा."

"गॅस किती देऊ?"

"गॅसार पाय देव नको. वाळू न्हय ही. नुसतो क्लच सोड... हळू. चाकां फिरूक लागली काय थांब, परत धर."

मी हँडब्रेक काढला. पहिल्यांदा चाकं घसरली, मी थांबले. "कुठला? आता कुठला?" – "तोच. रिवर्स." पुन्हा क्लच सोडला. गाडी थरथरली, इंचभर मागे आली. मग अजून. मला मागचं काही दिसत नव्हतं, मी नुसती ऐकत होते. "सरळ... सरळ... वायच थांब... आता सोड." एखाद्या घाबरट विद्यार्थ्याला कडेने चालवत न्यावं तसं त्याने – तिने – जे कुणी असेल त्याने – आम्हाला मागे आणलं. दहा मिनिटं लागली असतील. मागच्या चाकांखाली खडक कडकडला आणि पिकअप सपाटीवर उभी राहिली.

"जमला मां? उगीच रडतंस," सई म्हणाली.

मी इंजिन बंद केलं. कपाळ स्टेअरिंगवर टेकलं. किती वेळ गेला असेल, एक मिनिट? दोन? मग एकदम डोक्यात लख्ख झालं. मी वळले, सईचे दोन्ही खांदे धरले आणि तोंडातून शब्द नीट निघेना –

"सतीश, त्या दिवशी फोन कशाला केला होतास? दुखत होतं का तुला? सांग ना रे... मी बघितला होता फोन. मुद्दाम नाही उचलला. कशाला केला होतास?"

सईने माझ्याकडे बघितलं. भेदरलेले, तिचे स्वतःचे डोळे.

"मम्मा, तू कोणाशी बोलते? बाबा इज नॉट हिअर."

आणि मग ती रडली. दोन महिन्यांचं सगळं. मी तिला पोटाशी धरलं, पण खरं सांगते, त्या क्षणी मी तिच्यासाठी रडत नव्हते. मी तिला हलवून हलवून विचारत होते – सांग, परत बोल, एकदा बोल – आणि ती "स्टॉप, मम्मा, स्टॉप" म्हणत होती. याची मी नंतर तिची माफी मागितली.

याकूबभाई दोन ओमानींना आणि दोर घेऊन आला तेव्हा पिकअप खडकावर उभी बघून तोंडात बोट घालून राहिला. आत वाकून लिव्हरकडे बघितलं. "वहिनी, हा कुणी टाकला?"

"मी."

"कसा?"

"आधी पुढे ढकलून मग खाली दाबायचा," मी म्हटलं.

तो म्हणाला, "वर्षभर विचारत होतो मी त्याला. हसायचा नुसता, सांगायचा नाही." मग त्याने पिकअप खाली उतरवायला घेतली. त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आता केमिस्ट्रीवालीचं डोकं लावते. सईने बाल्कनीच्या दारातून मालवणी ऐकलं असेल. मुलं ऐकतात, आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त. लिव्हरची युक्ती तिने बाबाबरोबर गाडीत बसून पाहिली असेल. ठीक. पण आठ वर्षांच्या मुलीला क्लच कधी धरायचा, कधी सोडायचा, चाक कधी गरगरणार हे कसं कळलं? मी तिला पुढे कितीदा विचारलं. तिला बर्फ आठवतो, मी ओढलेलं आठवतं, आणि मग मी ओरडत होते ते. मधलं काहीच नाही. कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा.

आम्ही साताऱ्याला गेलो नाही. कुडाळला सासूबाईंजवळ राहतो. सई आता तिथल्या शाळेत जाते आणि फाडफाड मालवणी बोलते. मी टोकत नाही. उलट सुरुवातीचं वर्षभर ती "आई गो" म्हणाली की माझ्या हातातलं काम थांबायचं, मी तिच्याकडे बघत राहायचे. तिला भूक लागलेली असायची, नाहीतर वही सापडत नसायची.

भूत असेल, भास असेल, मुलीच्या मनातलं काही असेल, मला त्याची भीती कधीच वाटली नाही. मला रात्री जागं ठेवतं ते वेगळंच आहे. या जगात ज्याला एकच गोष्ट विचारायची होती तो माणूस दहा मिनिटं माझ्या शेजारी बसून माझ्याशी बोलत होता. मी विचारेन त्याचं उत्तर देत होता. आणि मी त्याला पुन्हा पुन्हा विचारत राहिले ते एवढंच, की आता कुठला गिअर टाकू.