ऊन एकाच अंगानं

इंदापूरच्या एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवायचो. सावली हा माझा खास विषय. मडकं, वांगं, चेंडू, पालथी घातलेली बादली, काहीही समोर ठेवा; मऊ पेन्सिल आणि बोटाचं टोक एवढ्यावर मी ते कागदावरून उचलून घ्यावंसं वाटेल असं करून दाखवायचो. माझ्याकडं शेडिंग शिकायला बारामतीहूनसुद्धा मुलं येतात, असं मी सांगत असे. आला होता एकच, पण आला होता.

हे आधी सांगितलं, कारण वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मला सावली नव्यानं शिकावी लागली. ती मला माझ्या बायकोनं शिकवली. आणि जिथं ते चार लोकांत सांगायला हवं होतं तिथं मी सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं बारामतीत कॉम्प्युटर क्लास काढला होता. पाच मशीन, खिडक्यांना जाड पडदे, आणि चपला बाहेर काढायच्या. देवळातही आमच्याकडं इतकी शिस्त नव्हती. लहान मुलांना आकडे शिकवणारे धडे तो कॉम्प्युटरवर तयार करत होता आणि त्यात हलणारी-चालणारी छोटी माणसं त्याला हवी होती. शेतकरी, पोस्टमन, दोन वेण्यांची मुलगी, एक शेळी. कार्टूनसारखी, मोठ्या डोक्याची. तो म्हणाला, सर, चित्रं तुम्हीच काढायची. मी मान डोलावली, पण मनातून फुललो होतो.

शनिवारी सकाळची शाळा असायची. ती सुटली की मी बारामतीची एसटी धरायचो. त्याच रस्त्यावर सणसर लागतं, ते बायकोचं माहेर. कधीकधी ती माझ्याबरोबर निघायची, सणसरला उतरायची आणि परत येताना मी तिला घेऊन यायचो. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. नंतर पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. तिचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, शेवटपर्यंत खांद्यावर घोंगडी टाकूनच उसात फिरायचे. ते आदल्याच वर्षी गेले होते.

कॉम्प्युटरवरचं एक माणूस म्हणजे बत्तीस घरं रुंद आणि बत्तीस घरं उंच. चित्र मोठं करून बघितलं की वहीतल्या चौकटींसारखी घरं दिसतात आणि एकेका घरात माउसनं रंग भरायचा. मला वाटलं, यात काय शिकायचं? पहिल्या दोन शनिवारी मी सगळी विद्या ओतली. शेतकऱ्याच्या तोंडाला कडेनं गोल गडद केलं, आत थोडं फिकं, त्याच्या आत आणखी फिकं, मधोमध उजळ. चेंडूला करतो तसंच. रंग चौदा वापरले. सावलीसाठी सगळ्या रंगांत काळा मिसळला. मोठं करून बघताना मला ते चित्र फारच आवडलं. मग विद्यार्थ्यानं ते मूळच्या आकारात आणलं, आणि पडद्यावर काजळी पुसलेला कापसाचा बोळा उभा राहिला. पोस्टमन तर आजारी दिसत होता. विद्यार्थ्यानं ते दोनदा मोठं-लहान करून बघितलं. मग म्हणाला, "सर, छान आहे, पण जरा मळलेलं दिसतंय का?"

मी चिडलो. पडद्याचा दोष आहे म्हणालो, माउस नीट चालत नाही म्हणालो. बसमध्येही बडबडत आलो. घरी आल्यावर हट्टानं चौकटींचा कागद घेतला आणि रंगीत पेन्सिलींनी तोच शेतकरी पुन्हा काढायला बसलो.

बायको समोर बसून उशीच्या अभ्र्यावर टाके घालत होती. जाळीसारखं विणलेलं मॅटीचं कापड, त्यावर घरं मोजून फुलीचा टाका. आमच्या घरात टीव्हीवर, रेडिओवर, पाण्याच्या पिंपावरसुद्धा तिचे पोपट आणि बाहुल्या होत्या. मी त्याला कधी चित्र म्हटलं नव्हतं. वेळ घालवायचं साधन, असं माझं मत होतं आणि ते मी पाहुण्यांसमोर हसत बोलूनही दाखवायचो.

ती माझ्या कागदाकडं वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "एवढुशा तोंडाला एवढं रंग कशाला? मी तीन दोऱ्यांत भागवते."

मी न ऐकल्यासारखं केलं. तिनं हातातला अभ्रा माझ्या कागदावरच ठेवला. त्यावर एक बाहुली होती, माझ्या शेतकऱ्याएवढीच. गालाला एक गव्हाळ दोरा, उजेडाच्या बाजूला त्याहून फिका, केसांखाली आणि हनुवटीखाली विटकरी. बस. हाताच्या अंतरावर धरली तर ती बाहुली गोल दिसत होती, हसत होती. मी ती जवळ घेतली, लांब धरली, पुन्हा जवळ घेतली. वीस वर्षं ज्याचा पगार घेत होतो ते माझ्या घरातल्या उशीवर होतं आणि मी त्यावर डोकं ठेवून झोपत होतो.

मग ती सांगत गेली आणि मी पहिल्यांदाच विद्यार्थ्यासारखा ऐकत बसलो. सावलीला काळा दोरा घेतला की तोंड मळकं दिसतं. पिवळ्याची सावली विटकरी, गुलाबीची डाळिंबी, हिरव्याची निळसर. जागा लहान असली की दोन रंगांच्या मध्ये तिसरा घुसवायचा नाही, ज्याचं त्याला घर द्यायचं. कडेची काळी रेघ उजेडाच्या बाजूनं घालायचीच नाही, तिथं त्याच रंगाचा गडद दोरा घ्यायचा. नाकाला एकच टाका पुरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चारी बाजूंनी गडद करायचं नाही.

"ऊन एकाच अंगानं पडतं," ती म्हणाली. "सांच्याला मेंढरं घरला यायची तवा बघायची मी. सगळ्यांची एकच बाजू पिवळी. आबांचीबी तीच बाजू पिवळी. एकाची हिकडं न् दुसऱ्याची तिकडं, असं कधी हुतंय का?"

पुढच्या शनिवारी मी शेतकरी पुसून टाकला आणि तीन रंगांत नवा काढला. ऊन डावीकडून. विद्यार्थ्यानं चित्र मूळच्या आकारात आणलं आणि तो खुर्चीतून उठलाच. पाठोपाठ पोस्टमन, मुलगी, शेळी सगळी जमली. अडलं की मी घरी येऊन विचारायचो. शेळीच्या पोटाखाली किती घरं गडद ठेवायची, हे तिनं पोळ्या लाटता लाटता सांगितलं होतं. एकदा तिनं विचारलं की ते मशीन दिसतं कसं. मी म्हणालो, टीव्हीसारखंच. पुन्हा एकदा तिनं विचारलं, "मला एकडाव बसू देतील का तितं?" मी म्हणालो, बघू.

दिवाळीच्या आधी धडे पुरे झाले आणि क्लासमध्ये छोटासा कार्यक्रम ठरला. प्राथमिकचे शिक्षक, काही पालक, एक निवृत्त मुख्याध्यापक, असे तीसेक जण होते. ती माझ्याबरोबर आली. सणसर आलं तरी उतरली नाही. ठेवणीतली साडी नेसली होती आणि सगळ्या वाटेत तिनं पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मला वाटलं, गर्दीमुळं.

पडद्यावर माझी माणसं चालायला लागली तशी खोलीत कुजबुज झाली. शेतकरी पाच आंबे आणायचा, पोस्टमन त्यातले दोन न्यायचा. लोक खूश होते. मुख्याध्यापक पुढं वाकून बघत होते. ते मला म्हणाले, "गुरुजी, एवढ्याशा चित्राला असा उठाव! हे आपल्या चित्रकलेच्या परीक्षांना कुठं शिकवतात? तुम्हाला कुणी शिकवलं?"

बायको दारापाशी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, हे मला दिसलं. एवढंसं उत्तर होतं, बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. पण तीस माणसं बघत होती, माझा विद्यार्थी बघत होता, आणि चित्रकलेच्या मास्तरला अभ्र्यावरून सावली कळली, हे माझ्या तोंडून निघेना.

मी म्हणालो, "वीस वर्षं हेच करतोय, सर. हात बसलाय."

इथं थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी थांबलो नाही. लोक ऐकताहेत म्हटल्यावर मला चेव आला. तीन रंगांचं सांगितलं, काळा न वापरण्याचं सांगितलं. मग म्हणालो, लहानपणी मी संध्याकाळी घरी येणारी मेंढरं बघत असे, सगळ्यांची एकच बाजू पिवळी दिसायची, तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. आमच्या सात पिढ्यांत कुणी मेंढरू पाळलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी वा वा केलं. मी दाराकडं बघितलं नाही.

लोक चहाला उठले. माझा विद्यार्थी भला माणूस. तो तिला म्हणाला, "काकू, या ना, बसा. तुम्हीही काहीतरी काढून बघा." ती आली, खुर्चीच्या कडेवर बसली, आणि उजवा हात माउसवर ठेवला. बाण पडद्यावर थोडा सरकला तशी ती हसली. डाव्या हातानं ती पर्सची कडी उघडत होती.

मी म्हणालो, "अगं, राहू दे. तुला काय कळणार त्यातलं? पुसून बिसून बसशील."

माझ्या आवाजात राग नव्हता, हेच मला आज जास्त लागतं. थट्टेतच बोललो, पाहुण्यांसमोर बोलायचो तसंच. मला भीती पुसलं जाण्याची नव्हतीच. ती तिथं बसली आणि चांगलं काही काढून बसली तर मघाचं माझं सगळं बोलणं उघडं पडेल, ही भीती होती. तिनं हात उचलला आणि पर्सची कडी लावली. "व्हय, राहू द्या," एवढंच म्हणाली आणि उठली.

परतीच्या बसमध्ये ती नेहमीसारखी बोलली. फराळाचं काय काय व्हायचंय, भावाकडं कधी जायचं. मला हायसं वाटलं. तिच्या लक्षात आलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यानंतर तिनं टाके घालणं सोडलं. हातातला अभ्रा अर्धाच राहिला. कुणी विचारलं की डोळे दुखतात म्हणायची. डोळ्यांमुळं की त्या दिवसामुळं, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही, हेच खरं.

दोन वर्षांनी घराला रंग द्यायचा म्हणून कपाट रिकामं केलं, तेव्हा ती पर्स हाताला लागली. आत घडी घातलेला चौकटींचा कागद होता. उघडला तर त्यात आबा होते. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, शेजारी एक मेंढरू. मोठ्या डोक्याचे, कार्टूनसारखे, माझ्या शेतकऱ्याच्या पंक्तीत उभे करावेत असे. मी घरं मोजली. बत्तीस रुंद, बत्तीस उंच. कागदाच्या कडेला तिनं दोऱ्यांचे तुकडे चिकटवले होते आणि प्रत्येकाला आकडा दिला होता, म्हणजे कॉम्प्युटरवर रंग शोधायला सोपं जावं. ऊन डावीकडून पडत होतं, माझ्या चित्रांत पडायचं तसंच. पटक्याखाली कपाळावर गडद, गालाच्या हाडावर फिकी दोनच घरं, आणि आबा हुबेहूब आबा दिसत होते. आबांचा घरात एकच फोटो होता, मतदानाच्या ओळखपत्रावरचा. त्यात तोंडाच्या जागी नुसता काळा डाग आहे.

कागद होता तसा घडी घालून मी पर्समध्ये ठेवला. तेव्हाही बोललो नाही. त्या क्लासचं मशीन अजून होतं, विद्यार्थी होता, शनिवारची बस होती. नेता आलं असतं. मी नेलं नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी आमच्या घरी कॉम्प्युटर आला. मी कागद काढून तिच्यासमोर ठेवला आणि खुर्ची ओढून दिली. म्हटलं, बस, तूच काढ. तिनं कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "आता घरं दिसत न्हायती मला," म्हणाली. चष्म्यातूनसुद्धा दिसत नव्हती.

मग आबा मीच काढले. एक रविवार लागला. दोऱ्यांचे रंग उडाले होते, ते तिला विचारून विचारून लावले. ती मागं बसून मेथी निवडत होती. संध्याकाळी मी तिला हाक मारली. पडद्यावर बत्तीस घरांचे आबा उभे होते, उन्हाकडची बाजू पिवळी. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली, मग दोन पावलं मागं सरली, आणि तिथं उभी राहिली.

"ह्ये कुणी शिकवलं तुमाला?" तिनं विचारलं.

"तू," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोला की."

मी मोठ्यानं म्हणालो. ऐकायला घरात तिसरं कुणी नव्हतं.