एक स्टेशन आधी

कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे काल सफरचंदांची पेटी उघडलेली होती. वरच्या थरातली फळं पुसून नीट मांडलेली आणि तळाची, मार लागून मऊ पडलेली, बाजूला काढून ठेवलेली. त्यांचा तो आंबूस, गोडसर, जरासा दारूकडे झुकणारा वास नाकात शिरला. आठवण मागाहून आली, भीती आधी आली. पुण्यातल्या भर बाजारात पिशवी सावरत मी तशीच उभी राहिले, इतका वेळ की फळवाल्याने विचारलं, "काकू, बरं वाटत नाही का?" वासाने लोकांना आजोळ आठवतं, शाळा आठवते. मला जर्मनीतला एक लहानसा फलाट आठवतो आणि त्याच्यासमोरून न थांबता निघून गेलेली गाडी.

दोन हजारच्या दशकाच्या मधल्या वर्षांत आम्ही स्टुटगार्टपासून बरंच आत, एका खेड्यात राहत होतो. नवरा झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात कंत्राटावर इंजिनिअर होता आणि मी शहरात सॉफ्टवेअरची नोकरी करत होते. आमच्या खेड्यावरून डोंगरातल्या वरच्या गावापर्यंत एक डब्याची डिझेलगाडी जायची. एकच रूळ, दोन्ही बाजूंना उतारावर सफरचंदांची जुनी झाडं, मध्येच एखादं शेत, एखादा ओढा. झाडं इतकी होती की सगळी फळं काही कुणी तोडत नसे. ऑक्टोबरात ती गवतात पडून आंबायची आणि सगळा रेल्वेमार्ग त्या वासाने भरून जायचा. स्टेशनं म्हणजे काय, तर एक पत्र्याची शेड, एक बाक, काचेमागे वेळापत्रक. पाच-सहा स्टेशनं होती आणि सगळी डिट्टो एकसारखी.

सासूबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात सासरे पहिल्यांदा आमच्याकडे आले. कराडच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला होता. फळ्यावर हात न उचलता भारताचा नकाशा काढायचे, अशी त्यांची ख्याती. आल्या आल्या त्यांनी आमच्या खेड्याची पूर्व-पश्चिम ठरवून टाकली आणि आम्ही कामावर गेलो की गाडीने खालच्या गावात चक्कर मारून यायला लागले. एके दिवशी ते आलेच नाहीत. मी कामावरून परतले तर घर बंद. शेवटी भलत्याच स्टेशनवरच्या बाकावर सापडले. समोर जो रस्ता दिसला तो आपलाच समजून ते चालत गेले होते, घर न दिसल्यावर परत येऊन बसून राहिले होते. मला पाहून हसले. म्हणाले, "अगं, इथली सगळी स्टेशनं एका आईची लेकरं दिसतात."

आम्हीही हसलो, पण त्या दिवसानंतर त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. दिवसभर खिडकीशी बसायचे. ज्या माणसाने हजारभर पोरांना अक्षांश-रेखांश समजावले, तो माणूस कोपऱ्यावरच्या बेकरीत जायलाही कुणीतरी सोबत मागू लागला. आणि मला दुसरंच भय लागलं. तीच गोष्ट ते पुन्हा सांगत. चहा झाल्यावर चहाचं विचारत. नवऱ्यापाशी विषय काढला की तो म्हणे, "वय झालंय गं त्यांचं, परका देश, असं होणारच." त्याच्या बोलण्यात घाई असायची, आणि त्या घाईवरून मला कळायचं की तोही घाबरलाय. रोज संध्याकाळी कुलपात किल्ली फिरवताना माझा हात थबकायचा. आत काय वाढून ठेवलं असेल, ते दार उघडेपर्यंत ठाऊक नसायचं.

माणसं आपापल्या स्वभावाप्रमाणे घाबरतात. मी रडून मोकळी होते, नवऱ्याने मात्र एक खेळ काढला. त्याला कॉम्प्युटरवर आगगाडी चालवायचा भारी नाद होता. पडद्यावर इंजिनची काच, पुढे धावणारे रूळ, आणि किबोर्डवर वेग, ब्रेक, शिट्टी. त्या खेळासाठी हौशी लोक खरेखुरे मार्ग जसेच्या तसे बनवायचे. त्यांचा एक फोरम होता आणि तिथे रिवाज असा की ज्याला एखादा मार्ग हवा असेल त्याने तो सुचवायचा, हाच का हवा ते सांगायचं, आणि फोटो आपणच काढून द्यायचे. नवऱ्याने आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये आमची ती एक डब्याची लाइन सुचवली.

उत्तरं आली ती टिंगलीचीच. या मार्गावर बोगदा नाही, मोठा पूल नाही, वळणसुद्धा धड नाही, हे चालवायचं कशाला? मीही त्यांचीच री ओढली. म्हटलं, "बाबांचं नाव पुढे करून तुला स्वतःलाच खेळायचंय, कबूल कर." फोरमवर त्याने एकच वाक्य लिहिलं, की माझ्या वडिलांना या मार्गावरून एकट्याने घरी यायला शिकायचं आहे. त्यानंतर टिंगल थांबली. उत्तरेकडच्या कुठल्याशा गावातून एका अनोळखी गृहस्थाचं उत्तर आलं: "आल्झो गूट, ठीक तर मग. फोटो पाठवा." मी ते वाचलं, आणि नवऱ्याला चिडवल्याची लाज वाटली.

मग पुढचे कितीतरी शनिवार आम्ही त्या मार्गावर घालवले. प्रत्येक स्टेशन चारी बाजूंनी, शेडचा पत्रा, कुंपणाचा रंग, फाटकाजवळची पत्रपेटी. आमच्या स्टेशनाच्या अलीकडे एका बाजूला कललेलं लाकडी खोपटं होतं आणि त्यावर ओणवलेलं अक्रोडाचं झाड. नवरा म्हणाला, "ही बाबांची खूण. झाड दिसलं की ब्रेक." सासरे तोवर कराडला परतले होते. हिवाळा संपता संपता मार्ग तयार झाला आणि सुट्टीवर निघालेल्या एका मित्राच्या हाती आम्ही त्याची सीडी धाडली. त्यानेच ती त्यांच्या कॉम्प्युटरवर चालवायला शिकवली. त्यानंतर दर रविवारी फोनवर त्यांचा आवाज निराळाच यायचा. "आज धुक्यात चालवली. तरी झाड बरोबर ओळखलं बघ." कराडच्या उकाड्यात पंख्याखाली बसून हा माणूस आमच्या खेड्याची थंडी चालवत होता. मला वाटलं, आपण उगाच घाबरलो. माणसाला विश्वास हवा असतो, दुसरं काही नाही.

ऑक्टोबरात ते पुन्हा आले. माझ्याबरोबर दोनदा गाडीने गेले. ड्रायव्हरच्या मागच्या काचेशी, जिथून पुढचे रूळ दिसतात, तिथेच बसायचे आणि प्रत्येक वळण येण्याआधी मला सांगायचे. एकही चुकलं नाही. मग म्हणाले, "उद्या मी एकटा जातो." मी कामावरून अर्धा दिवस सुट्टी घेतली, त्यांना न सांगता, आणि परतीच्या गाडीच्या वेळेला स्टेशनकडे निघाले.

मी उतारावर होते, झाडांमध्ये. खाली फलाट दिसत होता, रिकामा. गाडीचा आवाज आला. खोपटं ओलांडलं, झाड ओलांडलं, आणि गाडी थांबलीच नाही. फलाटाला लागून सरळ पुढे गेली. पहिल्याच खिडकीत सासरे दिसले. ताठ बसलेले, नजर समोर रुळांवर, आणि मांडीवर उजव्या हाताचं बोट खाली दाबलेलं. एकदा, पुन्हा एकदा. आमच्याकडे आल्यावर कॉम्प्युटरवर खेळताना ब्रेक लावायला त्यांचं बोट जसं पडायचं, अगदी तसं.

आणि तेवढ्यात आमची चूक लक्षात आली. त्या मार्गावरची लहान स्टेशनं मागितल्याशिवाय थांबत नाहीत. बेडार्फ्सहाल्ट म्हणतात त्यांना. उतरायचं असेल तर डब्यातलं बटण दाबायचं, चढायचं असेल तर फलाटावर दिसेल असं उभं राहायचं. एरवी शाळेची मुलं ते बटण दाबायची, म्हणून गाडी रोज थांबायची. त्या दिवसापासून शाळांना शरदाची सुट्टी लागली होती. आम्ही कुंपणाचा रंगसुद्धा खरा उतरवला होता, पण खेळात बाबा ड्रायव्हर होते, प्रवासी नव्हते. प्रवाशाचं बटण खेळात कुठून असणार?

ही झाली शहाण्या डोक्याची समजूत. भीतीला ती पटेना. ते बोट डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ते सवयीनं दाबलं होतं की त्यांना खरंच वाटत होतं आपण गाडी चालवतोय? फोन लावला तर बंद. बॅटरी संपू नये म्हणून ते तो बंदच ठेवायचे. तीच गाडी शेवटच्या स्टेशनावरून परत आली, मी फलाटाच्या काठाशी उभी राहिले, गाडी थांबली. आत ते नव्हते. ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, हो, एक वयस्क गृहस्थ शेवटच्या स्टेशनावर उतरले, कुठे गेले पाहिलं नाही. वर जाणारी पुढची गाडी येईपर्यंत मी त्या बाकावर बसून होते. आंबलेल्या सफरचंदांवर गांधीलमाश्या घोंगावत होत्या. वरच्या गावापलीकडे नुसतं जंगल होतं आणि ऊन उतरायला लागलं होतं. त्या बाकावर मी देवाला काय काय कबूल केलं, ते आजही सांगवत नाही.

ते शेवटच्या स्टेशनातच बसलेले होते, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावून. या वेळी मला पाहून हसले नाहीत. मी शेजारी बसले. म्हटलं, "अहो बाबा, ते बटण दाबावं लागतं. आम्ही सांगायचंच विसरलो."

"बटण ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "पोरं दाबायची ते मागच्या वर्षी बघत होतो की. झाडही ओळखलं. पण हात उचलेना बघ. वाटलं, हे आपलं नसलंच तर? सगळी गाडी माझ्यापायी थांबायची, तो ड्रायव्हर वळून बघायचा. खेळात चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून चालवता येतं."

इतका वेळ मी माझ्याच भीतीत होते. त्यांनाही भीती असेल, तीही हीच, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला. यापूर्वी कधी घेतला नव्हता, आमच्यात तशी पद्धत नव्हती. त्यांनी तो राहू दिला.

परतीच्या गाडीत ते पुन्हा त्या काचेशी बसले. मी म्हटलं, "आज तुम्हीच थांबवा गाडी." मला खात्री होती. एवढं बोलणं झाल्यावर आता सगळं सुरळीत होईल, असं वाटत होतं. गाडी उताराला लागली. एक स्टेशन आलं, शेड, बाक, वेळापत्रक. आमच्या आधीचं. इथे ना खोपटं ना अक्रोडाचं झाड. ते उठले, माझ्याकडे न बघता हात उचलला आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला.

मला सांगता आलं असतं. "बाबा, अजून एक." तीन शब्द. तोंडापर्यंत आले होते. पण त्यांचा चेहरा मी पाहिला, कित्येक महिन्यांनी इतका मोकळा, आणि त्याच वेळी मला जे जाणून घ्यायचं नव्हतं ते कळून चुकलं. वर्षभर ज्या उत्तराला मी घाबरत होते ते त्या लाल दिव्यात स्वच्छ दिसत होतं. गाडी थांबली, दार उघडलं. ते उतरले, आणि त्यांच्यामागे मीही उतरले.

रुळांच्या कडेने पायवाट होती. आम्ही चालू लागलो. ते पुढे, नेहमीसारखे हात पाठीमागे बांधून. मग त्यांची चाल मंदावली. वळून मागे पाहिलं, पुढे पाहिलं.

"आपण एक आधी उतरलो ना?"

"हो."

"तुला तिथेच कळलं होतं?"

"हो, बाबा."

ते जागीच थांबले. वाटलं, आता रागावतील, किंवा माझ्यासमोर कोसळतील. ते म्हणाले, "बरं केलंस. नाही सांगितलंस ते. इथून पुढेही नको सांगूस. नुसती बरोबर उतर." आणि पुन्हा चालू लागले.

पुढच्याच वर्षी आम्ही तिकडचं सगळं आवरून पुण्याला आलो आणि त्यांना आमच्याकडे आणलं. माझी भीती काही गेली नाही. ती खरीच ठरली, हळूहळू. एकेक माणूस, एकेक खोली ते विसरत गेले. ते मला सासूबाईंच्या नावाने हाक मारायला लागले तेव्हा मी ओ दिली. कराडच्या शाळेची घंटा झाली म्हणून भर दुपारी शर्ट चढवायला लागले तेव्हा मी त्यांची बटणं लावली आणि जिना उतरून कोपऱ्यापर्यंत बरोबर गेले. नवरा सुरुवातीला दुरुस्त करायला जायचा, मग तोही शिकला. शेवटच्या दिवसांत त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "तुमच्याच गाडीत आहे मी." ते थोडं सरकले आणि माझ्यासाठी पलंगावर जागा केली.